तंबाखू सोडली म्हणून चूल विझत नाही

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर काकांनी एक मजकूर पुढे ढकलला. त्यात म्हटलंय की तंबाखूला पर्याय नाही : भाव नक्की, पाणी कमी, कष्ट बेताचे, शेतकऱ्यानं दुसरं काही लावलं तर तो बुडेल आणि सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकाही उपाशी मरतील. माझ्या आईनं सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं विड्या वळल्या. सासुरवाडी निपाणीजवळ, ऐन तंबाखूच्या पट्ट्यात. दोन्ही टोकं पाहिलीत, म्हणून लिहितोय.

'भाव नक्की.' कुणी केला? ज्वारी, हरभरा, सोयाबीन, भुईमुगाला निदान हमीभाव जाहीर होतो (हातात पडतो का, ते सोडा). तंबाखूला तोही नाही. व्यापारी पान चुरगाळून सांगेल तो भाव. याच भावासाठी 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर निपाणीचे शेतकरी रस्त्यावर बसले. गोळीबार झाला, माणसं गेली.

'कमी पाण्यात दुसरं येत नाही.' हे मंगळवेढ्यात जाऊन बोला! तिथली ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते, वर जनावरांना कडबा देते. 2016 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. निपाणीकडे तर पाऊस आमच्याहून बरा.

'कष्ट बेताचे' म्हणणाऱ्यानं एकदा फुटवे काढावेत. शेंडा खुडला की पानांच्या बगलेतून फुटवे येतात, ते काढले की पुन्हा येतात. हात चिकटून काळे होतात. दवानं ओल्या पानांत काम केलं की निकोटीन कातडीतून अंगात जातं. मेहुण्याच्या बायकोला मळमळायचं, घरचे म्हणायचे पित्त झालंय. त्यातून बंबाखू. तंबाखूच्या मुळांवर जगणारं हे बांडगूळ, त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. एकाच रानात दरसाल तंबाखू म्हणजे त्याला दरसाल पंगत. मेहुण्यानं पीक बदललं ते कुणाचं भाषण ऐकून नव्हे, या बंबाखूला वैतागून. आधी हुशारी करून वांगी लावली, तर तो वांग्यांवरही आला! मग खरिपात सोयाबीन, भुईमूग आणि रब्बीला ज्वारी, हरभरा.

एक मात्र मान्य. तंबाखू एकरकमी पैसा देते, आणि व्यापारी पेरणीआधी उचल देतो. सोयाबीनवर तशी उचल कोण देणार? गाडी अडते ती इथं. मजकुरात नेमकं हेच नाही.

आता बायका. विडीची तंबाखू गुजरातेतल्या चरोतरातूनही येते. एका घरानं तीन एकरांत हरभरा टाकला म्हणून सोलापुरात विडी वळणारीच्या मांडीवरचं सूप रिकामं राहत नाही. आईची मजुरी तंबाखूच्या टंचाईनं कधी कापली गेली नाही, कापली ती 'छाट' म्हणून. हजार विड्या मोजून द्यायच्या आणि मोजणाऱ्यानं मूठभर खराब म्हणून बाजूला काढायच्या. पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरं 2006 साली मिळाली तीही बायकांनी लाल बावट्याखाली मोर्चे काढले म्हणून. त्यांचा एवढा कळवळा असेल तर मजकुरात मजुरीचा आकडा का नाही?

काका, मेहुण्याचं विचारलंत म्हणून सांगतो : अर्धा एकर तंबाखू यंदाही आहे. जुनी उचल फिटायचीय.