नऊ ग्रह, नऊ देवळं आणि दुपारी बंद होणारी दारं

मुद्दा एवढाच होता: तमिळनाडूत कुंभकोणमच्या आसपासची नवग्रहांची देवळं एका दिवसात उरकायची की दोन दिवस द्यायचे. नाशिकच्या रविवार कारंजाच्या कट्ट्यावर एवढ्याशा मुद्द्याचाही फड जमतो. यात्रेच्या गाड्या नेणारे अण्णा एका दिवसाच्या बाजूने, भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर दोन दिवसांच्या. पंचवटीत शांतिकर्मं सांगणारे गुरुजी तिसरंच काहीतरी धरून बसलेले. मन्याला आईवडिलांना पाठवायचंय, त्यामुळे तो फक्त प्रश्न विचारणार. आणि टपरीवाल्या मावशींचं मत कुणी मागितलं नव्हतं, तरी तेच सगळ्यात कामाचं निघालं.

अण्णांनी क्रम घडाघडा सांगितला. कुंभकोणमहून पहाटे पाचला निघायचं. सहाला तिंगळूर, म्हणजे चंद्र. तिथून आलंगुडीचा गुरू, तिरुनागेश्वरमचा राहू, सूर्यनार कोविल, कंजनूरचा शुक्र आणि बाराच्या आत वैदीश्वरन कोविलचा मंगळ. जेवण. चारला तिरुवेंकाडूचा बुध, मग कीळपेरुंपळ्ळमचा केतू, शेवटी तिरुनळ्ळारचा शनी. "तिथली सरकारी बससुद्धा शनिवार-रविवारी हाच फेरा एका दिवसात मारते. मग आपल्याला काय धाड भरलीय?"

"बसला गुडघे नसतात," मावशी म्हणाल्या.

मास्तरांनी पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. सहा ते बारा म्हणजे ३६० मिनिटं. तिंगळूर कुंभकोणमच्या पश्चिमेला, तिरुवैयारूच्या बाजूला. तिथून परत येऊन दक्षिणेला आलंगुडी गाठायला सव्वा तास. पुढे तिरुनागेश्वरमला चाळीस मिनिटं, सूर्यनार कोविलला अर्धा तास, कंजनूर अगदी शेजारी म्हणून पंधरा, आणि वैदीश्वरन कोविलला तासभर. गाडीतच २२० मिनिटं गेली. उरली १४०, देवळं सहा. "म्हणजे देवळाला तेवीस मिनिटं. त्यात चपला ठेवायच्या, अर्चनेचं तिकीट काढायचं, रांग लावायची. आणि आलंगुडीला गुरूपुढे चोवीस दिवे आणि चोवीस प्रदक्षिणा घालायची रीत आहे. तेवीस मिनिटांत चोवीस प्रदक्षिणा घाला, अण्णा."

"सगळे थोडेच चोवीस घालतात!"

"ज्याला घालायच्या आहेत तो गाडी थांबवतो. मग वैदीश्वरनला पोचेपर्यंत दार बंद."

हे दार बंद होणं आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. काळारामाला दुपारी जाता येतं, म्हणून सगळीकडे जाता येईल असं आपण धरून चालतो. तिकडे बारा-साडेबाराला गाभाऱ्यावर पडदा पडतो, देवळाचा मोठा दरवाजाही लागतो आणि चार वाजल्याशिवाय उघडत नाही. रात्री साडेआठच्या सुमाराला पुन्हा बंद. एक देऊळ बाराच्या आत हुकलं की ते चारनंतरच्या यादीत जातं. तिथे आधीच तीन आहेत, त्यात तिरुनळ्ळार शेवटचं आणि सगळ्यात गर्दीचं. म्हणजे आलंगुडीला गेलेला अर्धा तास शनीच्या रांगेत वसूल होतो. एका दिवसाच्या बेतात चुकायला जागाच नाही, ही मास्तरांची बाजू मला पटली.

गुरुजी मध्येच म्हणाले, "पण क्रम असा वेडावाकडा का? रवी, सोम, मंगळ असा का नाही?"

मास्तर नकाशा काढणारच होते, पण अण्णांनीच उत्तर दिलं. सूर्यापासून वाराप्रमाणे निघालात तर पूर्वेकडून पश्चिमेला तिंगळूर, तिथून पुन्हा पूर्वेला वैदीश्वरन आणि तिरुवेंकाडू, परत मागे आलंगुडी, अशा येरझाऱ्या होतात. केतू आणि बुध एकमेकांच्या शेजारी, पूम्पुहारच्या किनाऱ्याजवळ. सूर्य आणि शुक्र शेजारी. राहू तर कुंभकोणमपासून सहा किलोमीटरवर. रस्त्याच्या क्रमानेच जायचं, सगळे तसंच जातात. गुरुजींनीही ताणलं नाही. "बरं, पण प्रत्येक देवळात आधी मूळ देव, मग ग्रह. एवढं तरी पाळा."

हे मन्याला नवीन होतं. एक सूर्यनार कोविल सोडलं, जिथे मुख्य देव सूर्यच आहे, तर बाकीची आठही देवळं मुळात शंकराची. तिंगळूरला कैलासनाथर, वैदीश्वरनला वैद्यनाथ, तिरुवेंकाडूला श्वेतारण्येश्वर, आलंगुडीला आपत्सहायेश्वर, कंजनूरला अग्नीश्वर, तिरुनळ्ळारला दर्भारण्येश्वर, राहूकडे नागनाथर आणि केतूकडे नागनाथस्वामी. ग्रहाची मूर्ती वेगळ्या कोनाड्यात किंवा छोट्या देवळीत. आलंगुडीला तर गुरू म्हणून शंकराच्याच दक्षिणामूर्ती रूपाची पूजा होते आणि कंजनूरला शुक्र शंकराच्याच रूपात आहे असं मानतात. तिथे शुक्राची वेगळी मूर्ती शोधत फिरणारे यात्रेकरू पुजाऱ्यांना रोजचेच. सूर्यनारला आणखी एक रीत आहे: आधी जवळच्या तिरुमंगलकुडीच्या शंकराचं दर्शन, मग सूर्य. ते दोनेक किलोमीटरवर आहे, पण एका दिवसाच्या बेतात ते पहिलं गळतं.

"मग वार कुठला?" मन्याने विचारलं आणि खरी जुंपली.

अण्णा म्हणाले शनिवार. तिरुनळ्ळारला शनिवारीच पुण्य. मास्तर म्हणाले, म्हणूनच शनिवारी तिथे जाऊ नये. गुरुजींनी राहूकाळ काढला. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या दिवसाचे दीड-दीड तासाचे आठ भाग. सोमवारी दुसरा भाग राहूचा, म्हणजे साडेसात ते नऊ. शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा. बुधवारी बारा ते दीड, गुरुवारी दीड ते तीन, मंगळवारी तीन ते साडेचार, रविवारी साडेचार ते सहा. तिरुनागेश्वरमला राहूकाळात राहूला दुधाचा अभिषेक होतो आणि मूर्तीवरून उतरताना दूध निळं दिसतं असं सांगतात. लोक जातात ते त्यासाठीच.

"निळं होतं की नाही?" मन्या.

"रांगेतून चार सेकंद दिसतं. चार सेकंदांत ज्याला जे बघायचंय ते दिसतं," मास्तर म्हणाले. गुरुजींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

पण राहूकाळाने वाराचा प्रश्न जवळजवळ सोडवला. बुधवार, गुरुवार आणि मंगळवारचा राहूकाळ दुपारच्या बंद वेळेत किंवा तिला चिकटून येतो, ते वार गेले. रविवारी तो संध्याकाळी, म्हणजे तिरुनागेश्वरमसाठी पूर्वेकडून धावत परत यायला लागणार. शिवाय सूर्यनारला रविवारचीच गर्दी. उरले सोम, शुक्र, शनी. मास्तरांनी शुक्रवार-शनिवार असा जोड घातला आणि पुन्हा पाकीट उलटं केलं.

शुक्रवारी पूर्वेची बाजू. सकाळी लवकर वैदीश्वरन कोविल, मग तिरुवेंकाडू, मग कीळपेरुंपळ्ळम. केतूचं देऊळ खेड्यातलं, लहान. तिथे वेळ जात नाही. दुपारी कराईकलला जेवण आणि आराम, चारला दार उघडताना तिरुनळ्ळारच्या रांगेत. शुक्रवार असल्याने शनिवारची झुंबड नाही. रात्री कुंभकोणमला मुक्काम. शनिवारी सकाळी साडेसहाला आलंगुडी, नऊला तिरुनागेश्वरम, राहूकाळ गाठून साडेदहाला बाहेर, मग सूर्यनार आणि कंजनूर बाराच्या आत. दुपारी खोलीवर झोप. चारनंतर एकटं तिंगळूर.

अण्णा बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिले. "खर्च वाढेल. एक मुक्काम जास्त."

"एका दिवसात केलंत तरी पहाटे पाचला निघायला आदल्या रात्री कुंभकोणमला राहावंच लागतं. वाढतं ते गाडीचं एका दिवसाचं भाडं."

यावर अण्णांकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी गाडीवाल्यांचा विषय काढला, आणि तो त्यांच्या हातचा. भाडं किलोमीटरवर की ठोक, हे आधी ठरवायचं. फेरा अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. चालकाचा भत्ता वेगळा. तिरुनळ्ळार कराईकलमध्ये, म्हणजे तमिळनाडूत नाही, पुदुच्चेरीत. तमिळनाडूच्या टॅक्सीला तिथे जायला परवान्याचे पैसे पडतात का आणि ते भाड्यात धरलेत का, हे निघण्यापूर्वी विचारायचं. हद्दीवर विचारलं की भांडण. आणखी एक: मोबाइलवर नुसतं आलंगुडी टाकू नका. पुदुक्कोट्टई जिल्ह्यात त्याच नावाचं वेगळं गाव आहे. कुंभकोणमपासून सतरा किलोमीटरचं, वलंगैमानजवळचं आलंगुडी हवं.

मावशींनी चहा गाळता गाळता विचारलं, "तिथे पूजेला नाव काय सांगायचं?"

हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. अर्चनेच्या तिकिटावर पुजारी नाव, गोत्र आणि नक्षत्र विचारतात. आपल्याकडे रास सगळ्यांना पाठ, नक्षत्र निम्म्यांना माहीत नसतं. शिवाय नक्षत्रांची तिकडची नावं वेगळी: आर्द्रा म्हणजे तिरुवादिरै, श्रवण म्हणजे तिरुवोणम. घरातल्या प्रत्येकाचं नाव, गोत्र, नक्षत्र इंग्रजी अक्षरांत चिठ्ठीवर लिहून न्यायचं आणि खिडकीतून चिठ्ठीच सरकवायची. सोबत दहा-वीसच्या सुट्या नोटा.

सामानाचं गुरुजींनी सांगितलं. गहू सूर्याला, तांदूळ चंद्राला, तूरडाळ मंगळाला, मूग बुधाला, हरभरे गुरूला, तीळ शनीला, उडीद राहूला, कुळीथ केतूला. शुक्राला तिकडे पावट्यासारखं कडधान्य, आपल्याकडे चवळी देतात. पण यातलं काही इथून वाहून न्यायची गरज नाही, देवळाबाहेर पुड्या मिळतात. वैदीश्वरनला मीठ-मिरी वाहायची, तीही तिथेच मिळते. तिरुनळ्ळारला नळ तीर्थात तिळाचं तेल लावून अंघोळ करायची, मग दर्शन. नळराजाची साडेसाती तिथे सुटली ही कथा, म्हणून ते तीर्थ. अंगावरचे कपडे तिथेच सोडायची प्रथा आहे, पण तळ्यात सोडायचे नाहीत. कपड्यांच्या गठ्ठ्यांनी पाण्याची घाण होते. कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत, आणि ती पिशवी सांभाळायला एक माणूस काठावर. वयस्कांना तेलकट पायऱ्यांवरून एकटं उतरू देऊ नये.

वैदीश्वरनचा दुसरा ताप नाडीवाल्यांचा, म्हणजे ताडपत्राच्या पट्टीवरून भविष्य सांगणाऱ्यांचा. स्टेशनपासून माणसं मागे लागतात. पुरुषांचा उजवा, बायकांचा डावा अंगठा घेतात आणि पट्टी शोधतो म्हणून बसवतात. पट्टी "सापडल्यावर" एकेका प्रकरणाचे वेगळे पैसे, वर शांतीचे वेगळे. ज्याला जायचं त्याने आधी एकूण आकडा ठरवावा. गाडीच्या वेळापत्रकात यासाठी एक मिनिट नाही, हे मास्तरांनी ठणकावून सांगितलं.

"शनी रास बदलतो त्या दिवशीच गेलं तर?" मन्याच्या वडिलांची रास मेष.

इथे गुरुजींनी सगळ्यांना गप्प केलं. आपल्या पंचांगांप्रमाणे शनी १७ जानेवारी २०२३ ला कुंभेत गेला. तिरुनळ्ळारला तोच सोहळा २० डिसेंबर २०२३ ला झाला. अकरा महिन्यांचा फरक, कारण ते देऊळ वाक्य पंचांग, म्हणजे जुन्या ठरीव सूत्रांवरचं पंचांग, मानतं, आणि आपली दिनदर्शिका दृक्‌गणितावर, म्हणजे ग्रह आकाशात प्रत्यक्ष दिसतो त्या हिशेबावर. आपल्याकडे २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला आणि मेषेला साडेसाती लागली. तिरुनळ्ळारने तो दिवस मानलाच नाही. घरातली दिनदर्शिका बघून आरक्षण करणारा माणूस तिथे पोचतो तेव्हा साधा दिवस असतो. "तसं ते बरंच," मास्तर म्हणाले, "खऱ्या सोहळ्याला लाखांनी माणूस असतं. आईवडिलांना साध्या दिवशीच पाठव."

गुरूवरून मात्र नाशिक आणि कुंभकोणम एकाच घड्याळावर चालतात. गुरू सिंहेत आला की आपला सिंहस्थ. त्याच सिंहेच्या गुरूत, तिकडच्या मासी महिन्यात मघा नक्षत्रावर कुंभकोणमच्या तळ्यात महामहम, म्हणजे तिकडचं मोठं पर्वस्नान. आपल्याकडे २०१५ ला शाहीस्नानं झाली, तिकडे २२ फेब्रुवारी २०१६ ला महामहम. पुढचं महामहम २०२८ मध्ये. त्या सुमाराला तिकडे खोली मिळेल ही आशा सोडायची.

"मग महिना कुठला?" मावशी.

जानेवारी-फेब्रुवारी. आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर कावेरीच्या त्या सपाट मुलखात पाणी तुंबतं. एप्रिल-मेमध्ये दगडी फरशी अकरानंतर पाय टेकू देत नाही.

"इतकं लांब कशाला?" मास्तरांनी शेवटी काडी टाकलीच. "नस्तनपूरला शनी आहे, अमळनेरला मंगळ. कालसर्पासाठी सगळा देश त्र्यंबकला येतो."

"त्र्यंबकला येणारेही असंच म्हणत असतील," गुरुजी म्हणाले.

अण्णांनी गाडीचं सांगून टाकलं. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कराईकलला आठवड्यातून एकदा एक्स्प्रेस जाते, ती कल्याणला पकडायची. नाहीतर चेन्नईपर्यंत जाऊन तिथून रात्रीची उळवन एक्स्प्रेस, ती पहाटे कुंभकोणमला सोडते. विमानाने तिरुचिरापल्ली जवळ पडतं, तिथून कुंभकोणम नव्वदेक किलोमीटर. मन्याने उळवनचं आरक्षण बघायला मोबाइल काढला. खालचे बर्थ दोन हवेत, आणि मुक्काम दोन रात्रींचा, हे मावशींनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.