पेपर मोजून झाले, वाचणार कोण?

प्राध्यापकांच्या भरती-बढतीत पेपर मोजताना विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) यूजीसी-केअर ही मान्यताप्राप्त संशोधन-जर्नलांची यादी धरली जायची. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हापासून पुण्या-नागपुरातल्या माझ्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींशी बोलणं एकाच विषयावर येऊन थांबतं. आता कुठलं जर्नल ‘चालतं’ हे कोण सांगणार? काही म्हणतात, स्कोपस ही जर्नलांची आंतरराष्ट्रीय सूची धरा आणि मोकळे व्हा. काही म्हणतात, सायटेशनच्या, म्हणजे इतरांच्या पेपरांत किती वेळा उल्लेख झाला त्या आकड्यांचा नादच सोडा, नेदरलँड्सने सोडलाच ना! मग सगळे माझ्याकडे बघतात, कारण मी नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला राहते.

इथल्या विद्यापीठाने २०२१ मध्ये भरती-बढतीतून इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या जर्नलातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, काढून टाकायचं जाहीर केलं, हे खरं आहे. संशोधनाला निधी देणाऱ्या एनडब्ल्यूओ या डच संस्थेच्या अर्जात एच-इंडेक्स, म्हणजे एका संशोधकाचे पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला आकडा, लिहू देत नाहीत, हेही खरं. पण हे सुखासुखी झालेलं नाही. अनेक डच शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून विरोध केला. मोजमाप गेलं की मनमानी येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

तरीही माझं मत आकड्यांच्या विरोधात जातं, आणि त्याचं कारण विषयाविषयांतला फरक आहे. एच-इंडेक्स ३० म्हणजे किमान तीस-तीस सायटेशन असलेले ३० पेपर. हे माप होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलं, आणि जीवशास्त्रात हा आकडा भौतिकशास्त्रापेक्षा मोठा येतो हे त्याच पेपरात नोंदवून ठेवलं. पुढे ती नोंद सगळे विसरले. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर ५,१५४ लेखकांचा पेपर आला. त्यातल्या प्रत्येकाच्या नावावर तो जमा झाला. गणिती मात्र एका सिद्धतेवर एकटा वर्षानुवर्षं घालवतो, आणि ती समजून पुढे वापरणारे जगभरात मोजके असतात.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतला तक्ताच बघा. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या जर्नलातल्या पेपरला ५ वाढीव गुण, दहाच्या वरच्याला ३०. विषय कुठलाही असो, वाढीव गुण तेच. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ हे गणितातलं सर्वांत मानाच्या जर्नलांपैकी एक. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर पाचाच्या आसपास. कर्करोगावरच्या एका जर्नलाचा दोनशेच्या वर गेलेला आहे. या दोघांना एका फुटपट्टीने मोजणं हा निव्वळ अन्याय आहे.

सगळ्यात जास्त पोळतात ते वर्गीकरणशास्त्रज्ञ. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळाभर हिंडून कुणी नवी वनस्पती शोधते, फुलाचा एकेक भाग मोजून तिचं वर्णन छापते. त्यानंतर ते नाव जो कुणी वापरेल तो नावापुढे तिचं आडनावही लिहितो, तशी रीतच आहे. पण मूळ पेपर संदर्भसूचीत बहुधा येत नाही, म्हणून सायटेशन शून्य. काम सगळ्यांनी वापरायचं आणि मुलाखतीत तिने मान खाली घालून बसायचं, याचा मला संताप येतो.

मग डच पद्धत जशीच्या तशी उचलावी का? नाही. आपल्याकडे गुणांची पद्धत लोकांनी उगाच धरून ठेवलेली नाही. मुलाखतीत वशिला, जात, आधीच ठरलेलं नाव यांचा अनुभव ज्यांनी घेतलाय, त्यांना निदान कागदावरचे गुण कुणी हिरावू शकणार नाही एवढा आधार असतो. विदर्भातल्या छोट्या कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीला “आम्ही तुमच्या कामाचा दर्जा बघू” हे वाक्य ऐकून धडकी भरते, आणि ती अगदी रास्त आहे. आकडे सोडा म्हणणाऱ्या इथल्या मंडळींना ही भीती कळत नाही, कारण त्यांच्यावर ती वेळ आलेली नाही.

पण त्या आधाराची किंमतही आपणच मोजतोय. पैसे भरून छापणारी जर्नलं, एकमेकांना सायटेशन देणाऱ्या टोळ्या, गाईडचं नाव प्रत्येक पेपरावर. यादी बदलून यातलं काही थांबत नाही, कारण पेपर उघडून बघायची गरजच कुणाला पडत नाही.

इथे मी एका निवड समितीत होते तेव्हा प्रत्येक उमेदवाराकडून निवडक काम मागवलं होतं आणि प्रत्येक पेपरखाली दोन-चार ओळी: यात माझं नेमकं काय आणि त्याने काय बदललं. एकीने एका मोठ्या पेपराखाली सरळ लिहिलं होतं की यातलं मोजणीचं उपकरण मी जुळवलं, निष्कर्ष माझे नाहीत. आम्ही तिच्याशी तासभर त्या उपकरणावरच बोललो. वाचायला वेळ लागला, कंटाळाही आला, पण कोण काय करतं ते कळलं.

आपल्याकडे यात एक भर हवी. पाच पेपर मागवा, ते त्याच विषयातल्या, राज्याबाहेरच्या दोघांकडून वाचून घ्या, आणि त्यांचा लेखी अभिप्राय उमेदवाराच्या हातात द्या, म्हणजे अन्याय झाला तर दाद मागायला कागद असेल. आकडे ठेवायचेच तर त्याच विषयातल्या लोकांशी तुलना करण्यापुरते ठेवा. एखाद्या विद्यापीठाने एका विभागात हे करून बघावं. मला विचाराल तर वनस्पतिशास्त्रापासून सुरुवात करा.