काका, ती अश्वगंधा नाही

कालपासून डोकं तापलंय. टेकडीच्या वाटेवर कुंपणालगत रानपोपटीचं एक गुडघाभर झुडूप मी पावसाळ्यापासून नजरेत ठेवलं होतं, आणि काल ते एका ट्रॅकसूटवाल्या काकांनी माझ्यासमोर मुळासकट उपटलं. वर म्हणाले, "घ्या, तुम्हालाही देतो थोडी."

आता थोडं झाडाबद्दल, नाहीतर माझं दुःख कळायचं नाही. रानपोपटी, चिरबोटी, तुमच्याकडे जे म्हणत असतील ते, कागदी कंदिलात बसलेलं ते गोल फळ, लहानपणी कपाळावर फट्कन फोडायचो ते. आपल्या रानात मुख्यतः दोन भेटतात, फिजॅलिस अँग्युलाटा आणि फिजॅलिस मिनिमा. पुस्तक म्हणतं अँग्युलाटा बिनकेसाची, मिनिमा केसाळ. छान. मग पुढच्याच ओळीत म्हणतं, अँग्युलाटावरही कधीकधी विरळ केस असतात. फुलाच्या आत डाग? असतात, नसतात, असले तर फिकट असतात. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली एकाच पुस्तकात दोघींना नावं दिली आणि मोकळा झाला, तज्ज्ञ मात्र अजून भांडतायत की आपण जिला मिनिमा म्हणतो ती खरी मिनिमाच का. बाजारातली रसभरी, म्हणजे पेरुव्हियाना, त्या मानाने सरळ बाई. मखमली, बदामाच्या आकाराचं पान, पिवळ्या फुलात पाच ठसठशीत गडद डाग, विषय संपला. (डब्यातल्या मूठभर फळांची किंमत बघून मी डबा परत ठेवतो तो भाग वेगळा.) मोबाइलमधलं ॲप तर विचारूच नका, पानाचा फोटो दिला की एक नाव, फळाचा दिला की दुसरं, आणि एकदा तर त्याने सरळ टोमॅटो सांगितलं.

तर काल फूल उमललं होतं. मी भिंग घेऊन, गुडघे टेकून, परागकोश निळसर आहेत का बघत होतो, निळसर निघाले असते तर अँग्युलाटाच्या बाजूने निदान एक मत पडलं असतं. तेवढ्यात डोक्यावर आवाज आला, "हरवलं काय?"

"नाही, झाड बघतोय."

"अहो ही अश्वगंधा!" काकांनी हे इतक्या मोठ्याने जाहीर केलं की मागून येणाऱ्या तीन-चार बायका थांबल्या. आणि बायका थांबल्या म्हटल्यावर काका पण थांबेनात.

मी म्हणालो, "काका, अश्वगंधेला पानाच्या बगलेत झुपक्याने फुलं येतात. ही बघा, हिला एकेकटं, खाली मान घातलेलं."

"लहान आहे अजून. मोठी झाली की झुपका येतो."

"फळ लाल असतं तिचं."

"पिकलं की होईल लाल."

"काका, मूळ बोटाएवढं जाड असतं!"

हे मी बोलायला नको होतं. काकांनी बुंधा धरला, कमरेत वाकले आणि खस्सकन ओढलं. खाली चार दोरे लोंबत होते. मला वाटलं आता तरी. काकांनी ते दोरे शांतपणे न्याहाळले आणि निकाल दिला, "पुण्याच्या मुरमात मूळ धरत नाही." मग ते नाकाला लावलं. "घोडा!" म्हणाले. बायकांकडे दिलं. एकीने हुंगून मान डोलावली, दुसरीने "हो हो, येतोय" म्हटलं. यातल्या कोणी जन्मात घोडा हुंगला होता हो? मला दिलं, ओल्या मातीचा वास येत होता. तसं सांगितलं तर काका म्हणाले, "सर्दी असेल तुम्हाला."

आणि जखमेवर मीठ म्हणजे लिनियससुद्धा काकांच्याच पार्टीचा. अश्वगंधेला त्याने फिजॅलिसमध्येच घातलं होतं, फिजॅलिस सोम्निफेरा म्हणून, आणि १८५२ मध्ये द्युनाल नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला तिथून काढून विथानिया या वेगळ्या गटात बसवलं. म्हणजे काका फक्त पावणेदोनशे वर्षं मागे आहेत. पण लिनियसने निदान उपटून वाटली तरी नव्हती.

इथवर हसता येतं. पुढे काकांनी पानं खुडून वाटली, "रोज सकाळी अनशापोटी दोन पानं दुधातून," आणि ती पर्सच्या कप्प्यात गेली, तेव्हा माझं हसू गेलं. अहो, हे वांगं-धोतऱ्याचं खानदान आहे. रानपोपटीचं पिकलेलं फळ खुशाल खा, पण तिची पानं आणि कच्ची फळं पोटात गेली तर ओकाऱ्या-जुलाब होऊ शकतात. हे मी दोनदा सांगितलं. माझ्याकडे भिंग होतं, काकांकडे आवाज होता. आपल्याकडे आयुर्वेदिक म्हटलं की कुठलाही पाला चालतो, आणि 'जरा बघू या' म्हणणारा माणूस नकारात्मक ठरतो. पुढच्या पावसात बी रुजेलही, पण कंदील तर सगळे काकांच्या पिशवीत गेले, आणि फुलांच्या नोंदीसमोर माझ्या वहीत प्रश्नचिन्ह.

संध्याकाळी मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर फोटो आला, पिशवीसकट, खाली "आपल्या टेकडीवर दुर्मिळ अश्वगंधा". अंगठ्यांचा पाऊस. मी चार ओळी लिहिल्या, सभ्य भाषेत, पानं खाऊ नका एवढंच ठळक केलं. ॲडमिनचं उत्तर लगेच आलं, "ग्रुपवर वाद नकोत." खाली काकांनी नमस्काराचा इमोजी टाकला आणि मला सर्दीवर आलं-तुळशीचा काढा सुचवला.