परमिट नको, पण पासिंग हवंच

‘छोटा हत्ती घ्या, परमिट-पासिंगची कटकटच नाही’ असा मेसेज मार्केट यार्डातल्या टेम्पोवाल्यांत फिरतोय. अर्धाच खरा. एकूण वजन 3000 किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 मध्येच आहे. पण हा आकडा गाडी आणि माल मिळून, नुसत्या कांद्याच्या गोण्यांचा नव्हे; आरसीवर बघा. काही पिकअप तिथेच अडकतात. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, मात्र सुटत नाही: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. भाडं मारायचं तर पिवळी नंबरपाटीही हवी (विजेवरची असेल तर हिरवी, अक्षरं पिवळी). लायसन्स साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) 7500 किलोपर्यंत चालतं; सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते पुन्हा सांगितलंय. बॅजच्या (व्यावसायिक चालकाच्या बिल्ल्याच्या) नावाने एजंट पैसे मागेल, देऊ नका.