‘बाळ येतंय ना? मग आधी होले सोडून द्या’

गेले काही महिने एक मेसेज फिरतो आहे. मला तो सहा जणांनी पाठवला. आमच्या घरी होल्यांची जोडी आहे आणि सात महिन्यांची लेक आहे, हे सहाही जणांना ठाऊक होतं. मेसेज थोडक्यात असा: होला म्हणजे छोटं कबूतरच. गरोदर बाईला त्याच्यापासून टॉक्सोप्लाझ्मोसिस होतो, तो बाळाच्या डोळ्यात चोच मारतो, त्याच्या विष्ठेतून जीवघेणे जंतू पसरतात, पिसांमुळे बाळाला दमा जडतो. म्हणून बाळ घरी येण्याआधी पक्षी मोकळे सोडा, त्यांनाही स्वातंत्र्य मिळेल.

पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

टॉक्सोप्लाझ्मोसिसचं लवकर आटपतं. या आजाराचा परजीवी विष्ठेतून बाहेर पडतो तो फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या. होल्याच्या शिटेतून तो पसरत नाही. गरोदरपणात जपायचं ते मांजराच्या विष्ठेपासून, कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसापासून, मातीपासून आणि न धुतलेल्या भाज्यांपासून. मी नऊ महिने या एका गोष्टीसाठी होल्यांना घाबरले नाही.

चोचीचं म्हणाल, तर होल्याची चोच बारीक आणि मऊ असते, पोपटासारखी आकडेदार नसते. अंड्यांवर बसलेला होला जवळ येणाऱ्या हाताला पंखाचा फटका देतो, टोचतोही. म्हणून बाळाचा चेहरा पिंजऱ्याला लावू नये, हे बरोबरच आहे. पण धोका जास्त आहे तो पक्ष्याला, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल एक शब्द नाही. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्याला श्वास घेता येतो. दीडशे ग्रॅमच्या आसपासचा तो जीव कुणी मुठीत आवळला, तर नाक-तोंड मोकळं असूनही गुदमरतो. आणि तान्ह्या बाळाला धरता येतं, सोडता येत नाही. लेक पाच महिन्यांची असताना मी मादीला हातावर घेऊन तिच्या शेजारी बसले होते. एवढीशी मूठ पुढे आली कधी, मिटली कधी, कळलंच नाही. एकदम फडफड झाली, मादी पडद्याच्या दांडीवर जाऊन बसली आणि लेकीच्या मुठीत शेपटीची चार पिसं राहिली. जोरात धरलं की होल्याची पिसं सहज सुटून येतात, त्याचा तो बचावच आहे. शेपटीऐवजी छाती हातात आली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते. त्या दिवसापासून होले पिंजऱ्याबाहेर असतील तेव्हा लेक दुसऱ्या खोलीत असते, आणि मधलं दार बंद असतं.

आता जंतू. इथे मेसेजमध्ये खरं आणि खोटं एकमेकांत कालवलेलं आहे. क्रिप्टोकॉकस आणि हिस्टोप्लाझ्मा या दोन बुरशींची नावं घेऊन घाबरवलेलं आहे. त्या वाढतात त्या महिनोन्‌महिने साचलेल्या विष्ठेत: कबुतरांच्या जुन्या ढिगाऱ्यांत, पक्ष्यांच्या किंवा वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या मातीत. पिंजऱ्याच्या तळाचा कागद रोज बदलला तर असा ढीग साचतच नाही. रोज बदलत नसाल, तर मात्र हा मुद्दा तुमच्यासाठी आहे.

सिटाकोसिसला मी हलकं घेणार नाही. तो पोपटांचा आजार म्हणून ओळखला जातो, पण कबुतरं आणि होलेही त्याचे जंतू बाळगू शकतात. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून ते श्वासावाटे माणसात येतात. वेळेत ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. त्यामुळे बाळ यायच्या सुमारास नवा पक्षी घरात आणू नका. असलेल्यांची पक्ष्यांच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. पक्षी अंग फुगवून बसत असेल, नाकाडोळ्यांतून पाणी येत असेल, शीट पातळ आणि हिरवट होत असेल, तर थांबू नका.

आणि साल्मोनेला, म्हणजे जुलाब आणि ताप आणणारा जंतू, ज्याचं नाव मेसेजमध्ये नाहीच. रांगणाऱ्या बाळाच्या घरात मला सगळ्यात जवळचा धोका हाच वाटतो. धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याच्या ताज्या शिटेतही तो असू शकतो, पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो, आणि बाळाचा हात जमिनीवरून थेट तोंडात जातो. होले उडले त्या खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय लेकीला तिथे खाली सोडत नाही. पिंजरा नवरा साफ करतो. कागदावर आधी पाणी शिंपडतो, कोरडा झाडू कधीच नाही. पाण्याची भांडी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धूत नाही, आणि साबणाने हात धुऊन, सदरा बदलून मगच लेकीला घेतो.

पिसांच्या मुद्द्यात मेसेज खऱ्याच्या सर्वांत जवळ जातो, पण सांगतो चुकीचं. त्रास पिसापेक्षा पिसांवरच्या भुकटीचा असतो. होले आंघोळ करून गेले की त्यांच्या कुंड्यातलं पाणी पाहा. वर साईसारखा पांढरा तवंग धरलेला असतो, बोट फिरवलं की फाटतो. तीच भुकटी इतर वेळी हवेत असते. काही जणांच्या शरीराला त्यातली प्रथिनं सोसत नाहीत आणि फुप्फुसांना सूज येते. हा संसर्ग नव्हे आणि नेहमीचा दमाही नव्हे. पक्षी पाळणाऱ्यांमध्ये हा आजार बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे, मुलांनाही होऊ शकतो आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर फुप्फुसं कायमची खराब होतात. इथे ‘आमच्याकडे दोनच आहेत’ हे उत्तर पुरत नाही. म्हणून पिंजरा बाळाच्या निजायच्या खोलीत नको, स्वयंपाकघरात नको. होल्यांना आठवड्यातून दोन-तीनदा आंघोळीला पाणी द्या, बरीचशी भुकटी त्या कुंड्यातच राहते. हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र उपयोगी पडतं, ओझोन सोडणारं मात्र आणू नका, ते पक्ष्यालाही बाधतं आणि बाळालाही.

घरात कुणालाही कोरडा खोकला हटत नसेल, बाळाचा श्वास जलद चालत असेल, वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घरात पक्षी आहेत. विचारलं नाही तरी सांगा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा घरात कुणाला फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर हा निर्णय माझं वाचून घेऊ नका, डॉक्टरांना विचारून घ्या. उत्तर ‘पक्षी नकोत’ असं आलं तर ते ऐका. उलट बाजूने ‘पक्ष्यांमुळे बाळाची प्रतिकारशक्ती वाढते’ असं सांगणारेही भेटतात. कुत्री आणि गोठ्यातली जनावरं यांच्यावरच्या अभ्यासाचा आधार होल्यांना लावू नका.

राहिलं ते स्वातंत्र्य, आणि या ओळीचा मला मनापासून राग आहे. पाळीव होला पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला असतो. त्याला ससाणा ओळखता येत नाही, दाणा कुठे शोधायचा ते ठाऊक नसतं, आणि पांढरा असेल तर तो लांबूनच दिसतो. मोकळं सोडणं म्हणजे बहुतेक वेळा त्याला मरायला सोडणं. ठेवता येत नसेल तर होले पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे द्या, जोडी न फोडता, त्यांच्या सवयीच्या दाण्यासकट आणि जुन्या पिंजऱ्यासकट.