पत्ता बरोबर, पाहुणा भलताच

स्वतः बांधलेलं लिनक्स सकाळी ठणठणीत चालू झालं. दुपारी तीच यूएसबी डिस्क काळ्या पडद्यावर ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ म्हणत बसली. बाहेर पाऊस, फोंड्यात लाइट दोनदा जाऊन आलेली, आणि खुर्ची ओढून शेजारचे काका, निवृत्त पोस्टमन. लाइटचं बिल पेनड्राइव्हवर घालून प्रिंट काढायला आलेले. ड्राइव्ह स्वतःच खोचलाही.

“कितें जालें रे?”

“ग्रबला कर्नल सापडतोय काका, कर्नलला घर सापडत नाही.” कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ग्रब म्हणजे मशीन सुरू होताना त्याला उठवणारा प्रोग्राम, आणि घर म्हणजे रूट, जिथे बाकीची सिस्टिम राहते.

“पत्ता दाखव.”

‘सेट रूट=(एचडी०,२)’ दाखवलं. पहिली डिस्क, तिचं दुसरं पार्टिशन, म्हणजे दुसरा भाग.

“पहिल्याला शून्य आणि दुसऱ्याला दोन? असले घर नंबर पंचायतसुद्धा देत नाही.”

जुन्या ग्रबात दोन्ही शून्यापासून मोजत. नव्यात अर्धीच सुधारणा झाली. त्यात खालच्या ओळीत आणखी एक रूट: ‘रूट=/डेव्ह/एसडीए२’. वरचा ग्रबसाठी, हा कर्नलसाठी. दोघांना एकच नाव ठेवणाऱ्याचं बारसं कोणी केलं होतं कोण जाणे. पुढे ‘रूटवेट’ होतंच. यूएसबी डिस्क जागी व्हायला वेळ लागतो. ते नसलं तर कर्नल थांबत नाही, थेट पॅनिक करतो, म्हणजे हात टेकून बंद पडतो. असलं तर हा असा जन्मभर थांबतो.

“हा एसडीए कोण?”

“जी डिस्क आधी दिसली ती.”

“म्हणजे आधी जागा होईल त्याला एक नंबर? अरे, वाड्यावर नंबर बघून पत्र कोण टाकतो? नाव बघतात!”

पटलं, हाच राग. मूळ सिस्टिमवर जाऊन डिस्कांची ओळख सांगणारं ‘बीएलकेआयडी’ चालवलं, यूयूआयडी, म्हणजे लांबलचक खास नाव, उचलून टाकला. पुन्हा अडलं. तो फाइल सिस्टिमचा. इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नलच्या मदतीला आधी मेमरीत चढणारी छोटी सिस्टिम, नसेल तर कर्नलला तो कळत नाही. ‘बीएलकेआयडी’च्या त्याच ओळीत शेवटी पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचं नाव, असतो, तो हवा. ग्रबच्या ‘सर्च --एफएस-यूयूआयडी’ला मात्र पहिलाच लागतो. मेन्यूत ‘ई’ दाबून हायफनांसकट ३६ अक्षरं हाताने टंकली. काका एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते, ‘बी’ला ‘डी’ म्हणत.

चालू झालं. डिस्कांची यादी दाखवणारं ‘एलएसबीएलके’ मारलं: माझी डिस्क एसडीबी. एसडीए म्हणजे काकांचा पेनड्राइव्ह, ज्याला दुसरं पार्टिशनच नाही.

“काका, तुमच्यामुळे अडलं होतं.”

“माझ्यामुळेच सुटलं. काढ आता प्रिंट.”

प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, कप्स, मी अजून बांधलेलंच नव्हतं.