मामा, मग आणि मॉडेल

लघुपट काढायचं ठरवलंय ना? अभिनंदन. संहिता नंतर लिहा, आधी पैसे कोणत्या मॉडेलने गोळा करायचे ते ठरवा. संहिता फसली तर फार तर लघुपट वाईट होतो. मॉडेल फसलं तर दिवाळीच्या फराळाला कुणाच्या घरी जायची सोय उरत नाही. क्राउडफंडिंगच्या, म्हणजे इंटरनेटवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायच्या, मी तीन मोहिमा चालवल्या आहेत, तेव्हा या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे. लघुपट किती काढले, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

आधी नावाबद्दलचा एक गैरसमज काढून टाका. क्राउडफंडिंगमध्ये क्राउड नसतो. पहिल्या दिवशी जे पैसे येतात ते मामाचे. दुसऱ्या दिवशीचे, ऑफिसातल्या त्या सहकाऱ्याचे, ज्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही. तिसऱ्या दिवशी आकडा हलत नाही, म्हणून तुम्हीच घरच्या कुणाच्या तरी फोनवरून ५०० रुपये टाकता आणि प्लॅटफॉर्मला, म्हणजे मोहीम जिथे लावलीय त्या वेबसाइटला, स्वतःच्याच पैशावर कमिशन देता. वर त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी.

आयकर खात्याला हे सगळं फार पूर्वीच उमगलेलं आहे. परक्यांनी दिलेल्या भेटी एका आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांच्या पुढे गेल्या, की वरचीच नव्हे, सगळी रक्कम करपात्र होते. नातेवाइकांनी दिलेलं मात्र सुटतं. त्यातही मामा, काका, आत्या, मावशी हे नातेवाईक. चुलतभाऊ कायद्याच्या लेखी परका. तेव्हा यादी करताना भावकीत फार खोल शिरू नका, एक पिढी वर सरका. आणि त्या बदल्यात काही वस्तू देणार असाल तर तो पैसा भेट की धंद्याची कमाई, हे सीएला विचारा. तोही मदत करेल. फी घेऊन.

आता मॉडेलं. पहिलं, ‘सगळं किंवा काहीच नाही’. २००९ साली सुरू झालेल्या किकस्टार्टर या अमेरिकन वेबसाइटने हे जगभर नेलं. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ६० दिवसांत, उद्दिष्ट गाठलं तर पैसे तुमचे; एक रुपया कमी पडला तरी कुणाच्याच खात्यातून काही जात नाही. भारतात बसून तिथे मोहीम लावता येत नाही, त्यासाठी न्यू जर्सीत एखादा भाऊ लागतो आणि त्या भावाला आपण लहानपणी मारलेलं नसावं लागतं. पण माझा सल्ला विचाराल तर या वाटेला जाऊच नका. अपयश आलं तर ते टक्केवारीसकट जाहीर होतं. आणि यश आलं तर त्याहून वाईट, लघुपट काढावा लागतो.

त्यापेक्षा ‘येतील तेवढे ठेवा’ हे मॉडेल किती माणुसकीचं! उद्दिष्ट चार लाख, जमले ३७,०००. सदतीस हजारांत लघुपट होत नाही हे देणाऱ्यालाही कळतं, घेणाऱ्यालाही कळतं, आणि प्लॅटफॉर्मला तर दोघांच्याही आधी कळतं. पण परत करायची व्यवस्था नसते. मग त्यातून एक पोस्टर होतं, एक टीझर होतो आणि संहितेवर चर्चा करायला बसलेल्या सात जणांची मिसळ होते. कॅमेरामनला दुसरी मिसळ लागते, ते धरून चाला.

उद्दिष्ट किती ठेवावं, याचा धडा अमेरिकेत मिळतो. २०१४ साली ओहायोतल्या एका माणसाने बटाट्याचं सॅलड करायचंय म्हणून किकस्टार्टरवर १० डॉलर मागितले. त्याला ५५,००० डॉलरहून जास्त मिळाले. यावरून प्रकल्प जितका फुटकळ तितका लोकांचा विश्वास जास्त, असा निष्कर्ष काढून मी माझ्या दुसऱ्या मोहिमेत उकडीच्या मोदकांवर माहितीपट जाहीर केला. ‘मोदक पाठव, मग बघू,’ असा मावशीचा मेसेज आला. तोच माझा एकमेव बाजार-अभ्यास.

बक्षिसांचं मॉडेल, म्हणजे देणाऱ्याला बदल्यात काहीतरी द्यायचं, ते मात्र मनापासून करा. आपल्याला ते नवीन नाही, तो आहेरच आहे. लग्नात कोपऱ्यात वही घेऊन एक काका बसायचे: अमुक यांजकडून १०१, तमुक यांजकडून स्टीलचा डबा. पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची. तुमच्या मोहिमेतही हेच होणार आहे. ज्याने हजार दिले त्याच्या मुलीच्या अरंगेत्रमला तुम्हाला जावं लागेल, आणि तो साडेतीन तासांचा असेल. बक्षिसात नामावलीतल्या नावाइतकं स्वस्त काही नाही. १८८५ साली स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी अडला, तेव्हा जोसेफ पुलित्झरने आपल्या वृत्तपत्रात देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापायचं जाहीर केलं. लाखाहून जास्त माणसांनी मिळून लाखाहून जास्त डॉलर दिले, बहुतेकांनी एका डॉलरपेक्षाही कमी. मराठीला तर या बाबतीत देवाने हात सैल सोडून दिलंय. आभार ५००, हार्दिक आभार १,०००, विशेष आभार २,०००, ऋणनिर्देश ५,०००. ‘ऋणात राहू इच्छितो’ ही पायरी सर्वांत प्रामाणिक, म्हणून तिला दर लावला नाही.

सहनिर्माता ही पदवी २५,००० ला ठेवली होती. ती मामाने घेतली. तेव्हापासून नायिका कोण असावी यावर मामाचं एक मत आहे, आणि ते मत सध्या बारावीत शिकतं.

वस्तू द्यायच्या असतील तर कॉफीचा मग द्या. टी-शर्ट देऊ नका, कारण माणसं स्वतःचं माप दहा वर्षांपूर्वीचं सांगतात. मगावर लघुपटाचं नाव छापा. तारीख छापू नका, ‘लवकरच’ छापा. कुरिअरचा खर्च हिशेबात धरायचा राहून जातो; तो सगळ्यांचाच राहतो. १५० रुपयांचा मग सांगलीला पोचवायला आणखी नव्वद, आणि फुटला तर दुसरा.

नफ्यातला वाटा देऊन गर्दीकडून भांडवल घ्यायचं मॉडेल आपल्याकडे तूर्त विसरा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१४ साली त्यावर एक चर्चापत्र काढलं. २०१६ साली, असं भांडवल गोळा करणाऱ्या वेबसाइटना मान्यता नाही, असा इशारा दिला. शिवाय तुमच्या लघुपटाला नफा होईल या कल्पनेने सेबीला उगीच घोर लावायचा कशाला? कर्जाचं मॉडेल म्हणजे भिशी, फक्त पोहे नसतात.

दरमहा वर्गणीचं मॉडेल दिसायला गोड आहे. पेट्रिऑन या वेबसाइटने २०१३ पासून ते आणलं: रसिकाने महिन्याला ९९ रुपये द्यायचे, कलावंताने निर्मिती करत राहायची. यात भरवसा रसिकाच्या विसरभोळेपणावर होता. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२१ मध्ये लागू झालेल्या नियमांनी तोच काढून घेतला. पैसे कापण्याच्या २४ तास आधी आता बँक रसिकाला कळवते, की उद्या तुमचे ९९ रुपये या गृहस्थांना जाणार आहेत. दर महिन्याला! इतक्या नियमाने तर मी स्वतःही कुणाला माझी आठवण करून देत नाही.

मोहिमेच्या पानावर थोरांची उदाहरणं टाका, वजन येतं. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागत पैसा फंड उभारला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. १९७६ च्या श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले. एवढंच लिहून थांबा. काळे पैशापैशासाठी वणवण हिंडले होते, किंवा त्या पाच लाखांचा आधीपासून दूध संघ होता, रोज केंद्रावर येऊन दूध घालणारी माणसं होती ती, असल्या तपशिलांत शिरू नका. वाचणारा उगाच तुमच्याकडे काय आहे ते बघायला लागतो. तुमच्याकडे ४३ जणांचा कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यातल्या निम्म्यांनी तो म्यूट केलाय.

हो, एक राहिलंच. गल्लीतलं गणेश मंडळ वर्गणी मागतं तेव्हा पावती फाडतं, आणि विसर्जनानंतर चौकातल्या फळ्यावर खडूने जमाखर्च लिहितं: मांडव इतके, लाइट इतके, गुलाल इतका, शिल्लक इतकी. अशिक्षित पद्धत आहे ती. तिच्या नादी लागू नका. आपण ‘अपडेट’ टाकायचं. ‘मित्रहो, आमचा प्रवास सुरू आहे’, सोबत सूर्यास्ताचा फोटो. सूर्यास्त गच्चीवरून फुकट मिळतो.

परवा मामाकडे गेलो होतो. विषय निघाला नाही. मामा सज्जन आहे. हात धुवायला आत गेलो तर बेसिनच्या फळीवर आमचा मग. त्यात चार टूथब्रश, एक जिभली आणि दाढीचं सामान. छपाई मात्र पक्की निघाली. पाच वर्षं झाली, ‘लवकरच’मधलं एक अक्षर उडालेलं नाही.